माथेरानचा बेडूक : नाव आणि प्रदेश

रायगड जिल्ह्यातील तळ्याच्या डोंगरउतारावर, पावसाळ्यात, पालापाचोळ्यातून उसळी घेणारा एखादा लहान बेडूक अभ्यासकास मिळाला, तर त्यास कोणते नाव द्यावे? उत्तरासाठी त्याच जिल्ह्यातील माथेरानकडे वळावे लागते.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील बुलाँजे ह्यांनी १८८८ मध्ये माथेरानच्या नमुन्यांवरून ‘राना लीथाय’ ही जाती वर्णिली. मुंबईचे डॉक्टर लीथ ह्यांचे हे नाव; एका कासवासही ते लाभले आहे. ‘राना’ ही त्या काळी जगभरच्या बेडकांची गोणीच होती. १९८६ मध्ये लॉराँ ह्यांनी ‘इंडिराना’ ही प्रजाती स्थापिली, आणि लीथाय तीत गेला. ह्या प्रजातीचे बेडूकमासे मोठे विलक्षण : ते पाणी सोडून ओल्या खडकांवर लांब शेपटीच्या बळावर सरकतात.

खरा घोळ प्रदेशाचा आहे. दक्षिणेतील नमुन्यांवरून १८७६ मध्ये दिलेले ‘बेडोमाय’ हे नाव पुढे सह्याद्रीत फार सढळपणे वापरले गेले. २०१४ मध्ये पाध्ये, मोडक व डहाणूकर ह्यांनी जनुकीय तुलनेच्या साहाय्याने आंबोलीचा बेडूक वेगळा जाणून त्यास ‘चिरावासी’, म्हणजे भेगांत राहणारा, असे अस्सल मराठी नाव दिले. बेडोमायचा नकाशा आक्रसला. बेडूक मात्र जागीच होता.

जातीवरील संकट तिच्या प्रदेशाच्या विस्तारावरूनही मोजले जाते. तेव्हा नाव चुकले की मोजणीही चुकते. तळ्याचा नमुना केवळ जिल्हा एक म्हणून लीथाय ठरत नाही. त्याची मापे, बोटांमधील पडदे आणि जनुके माथेरानच्या बेडकांशी ताडून पाहिली पाहिजेत.