२६५, २६५, २७२ : जग्वार ई-टाइपच्या तीन इंजिनांची गोष्ट

१९६१ साली जग्वार कंपनीने ई-टाइप ही मोटार जगापुढे आणली, तेव्हा तिच्या शक्तीचा जाहीर आकडा होता २६५ अश्वशक्ती. १९६४ साली त्याच मोटारीत जवळजवळ अर्ध्या लिटरने मोठे इंजिन बसले. आकडा तोच राहिला, २६५. १९७१ साली सहा सिलिंडरांची बारा झाली, आकारमान ५.३ लिटरांवर गेले आणि आकडा झाला २७२.

म्हणजे दहा वर्षांची मेहनत, नवा कारखानी खर्च, दुप्पट सिलिंडर, आणि वाढ अवघ्या सात अश्वशक्तींची? कागद तरी तसेच सांगतो. प्रत्यक्षात ही तीन इंजिने एकमेकांहून इतकी वेगळी आहेत की एकाच नावाच्या मोटारीत ती बसली याचेच नवल वाटावे. या तीन आकड्यांच्या मागे ब्रिटनचा करकायदा, अमेरिकेतला ग्राहक आणि मोजमापाची बदललेली पद्धत दडलेली आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. इंजिनाच्या ज्या नळकांड्यात पिस्टन खाली-वर होतो, त्याचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे अंतर कापतो, तो स्ट्रोक. आकारमान वाढवायचे तर नळकांडे रुंद करावे किंवा खोल करावे. ब्रिटिश अभियंते पिढ्यान्‌पिढ्या दुसरा मार्ग पत्करत आले, कारण सरकार कर घेत असे तो रुंदीवर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील मोटारीचा वार्षिक कर एका सूत्राने ठरे. बोअरचा इंचांतील वर्ग करावा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावे, अडीचने भागावे; येईल ती ‘करपात्र अश्वशक्ती’. या सूत्रात स्ट्रोकला जागाच नव्हती. साहजिकच अरुंद आणि खोल नळकांड्यांची इंजिने बनू लागली. अशी इंजिने कमी वेगावरही नेटाने ओढतात, पण फार वेगाने फिरविणे त्यांना सोसत नाही. पिस्टनला दर फेऱ्याला लांबचा पल्ला गाठावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हे सूत्र रद्द झाले. पण अभियंत्यांचा हात ज्या मापांना सरावलेला असतो, ती मापे कायद्याबरोबर एका दिवसात रद्द होत नाहीत.

ई-टाइपचे पहिले इंजिन याच संधिकाळातले. युद्धकाळात कॉव्हेंट्रीवर जर्मन बाँबफेकीचे सावट असताना कारखान्यांत रात्रीचे आगपहारे चालत. जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी आपले अभियंते विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांना पहाऱ्याच्या एकाच पाळीत घेतले आणि त्या जागरणांत युद्धोत्तर इंजिनाचा आराखडा आकारास आणला. आगीवर लक्ष ठेवता ठेवता माणसे नव्या आगगाड्यासारख्या इंजिनाची स्वप्ने पाहत होती, ही गोष्ट मला फार आवडते. त्यातून आलेले एक्सके इंजिन १९४८ च्या लंडन प्रदर्शनात एक्सके १२० या मोटारीत प्रकट झाले. सहा सिलिंडर, ॲल्युमिनियमचे हेड, वर दोन कॅमशाफ्ट, अर्धगोलाकार ज्वलनकक्ष. एरवी शर्यतीच्या गाड्यांतच आढळणारी ही रचना आता दुकानात विकत मिळू लागली.

त्याचा बोअर ८३ मिलिमीटर होता आणि स्ट्रोक १०६. आरंभीच्या एका नमुन्यात स्ट्रोक ९८ होता. कमी वेगावर जोर अपुरा पडतो असे दिसल्यावर तो वाढवून १०६ केला गेला. हा १०६ चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. ई-टाइपमध्ये सहा सिलिंडर असेपर्यंत तो एका मिलिमीटरनेही हलणार नव्हता.

या इंजिनाने ल मॉनची चोवीस तासांची शर्यत १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा जिंकली. दरम्यान बोअर ८३ वरून ८७ वर गेला आणि आकारमान ३७८१ घन सेंटिमीटर झाले. तीन एसयू कार्बोरेटरांसह हे ३.८ लिटरचे इंजिन १९५९ मध्ये एक्सके १५० एस या मोटारीत आले, तेव्हाच त्याच्या नावापुढे २६५ हा आकडा लागला होता. ई-टाइपने इंजिन आणि आकडा, दोन्ही वारशाने घेतले.

मार्च १९६१. जिनिव्हा येथील प्रदर्शनात ई-टाइप उभी राहिली आणि एवढी झुंबड उडाली की चालवून दाखवायला दुसरी गाडी हवी, असा निरोप कॉव्हेंट्रीला गेला. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस ती गाडी रातोरात युरोप पार करून घेऊन आले. ‘ऑटोकार’ साप्ताहिकाने बंदिस्त ई-टाइपचा कमाल वेग ताशी १५०.४ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर नोंदविला. वृत्तपत्रांना दिलेल्या गाड्या खास निगुतीने तयार केलेल्या होत्या आणि ग्राहकाच्या गाडीला तो वेग सहसा गाठता येत नसे, हे पुढे सर्वमान्य झाले. तरीही सुमारे २१०० पौंड किमतीत, करासह, एवढी गती दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती.

३.८ चे दोष मात्र इंजिनाच्या बाहेर होते. मॉस कंपनीच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश नव्हते. गाडी चालू असताना पहिला गिअर टाकायचा तर कसब लागे, आणि वरचे गिअरही सावकाश पडत. आसने पातळ, ब्रेक काहीसे बेभरवशाचे, आणि इंजिनाला तेल पिण्याची खोड. आज शौकीन मंडळी सुरुवातीच्या ३.८ गाड्यांवर सर्वाधिक जीव टाकतात. तो जीव इतिहासावर आहे. रोजच्या वापराचा त्याच्याशी संबंध थोडा.

आता दुसरे इंजिन. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरची ई-टाइप आली. स्ट्रोक १०६ च राहिला. बोअर ८७ वरून ९२.०७ वर नेला. ऐकायला ही वाढ किरकोळ वाटते, पण जुन्या ठोकळ्यात तेवढे लोखंडच उरले नव्हते. म्हणून ओतकामच बदलावे लागले. ठोकळ्याची लांबी कायम ठेवून कडेची दोन नळकांडी बाहेर सरकविली आणि मधली दोन एकमेकांच्या जवळ आणली. हेडमधील ज्वलनकक्ष मात्र जुन्याच अंतरांवर राहिले. परिणामी काही नळकांड्यांचा मध्य आणि वरच्या कक्षाचा मध्य एका रेषेत येत नाही. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत गुण कापले जावेत अशी ही तडजोड! पण ती चालली, आणि चांगली चालली. नळकांड्यांमधल्या भिंती पातळ झाल्यामुळे पुढे वय झालेल्या ठोकळ्यांना तिथे तडे जाण्याची व्याधी जडली, ही त्या तडजोडीची किंमत.

मग आकडा २६५ च का राहिला? हेड तेच, त्यातील हवेच्या वाटा त्याच, कार्बोरेटर तेच तीन. इंजिन कमाल वेगाने फिरू लागले की त्याची ताकद किती हवा आत ओढता येते यावर ठरते, आणि ४.२ ची श्वासनलिका ३.८ एवढीच होती. फरक पडला तो खाली. टॉर्क, म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ, २६० वरून २८३ फूट-पौंडांवर गेला. अश्वशक्तीच्या रकान्यात ही सुधारणा दिसत नाही. चढावर, शहरात, किंवा चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत असलेल्या गाडीला पुढे काढताना दिसते. जोडीला सर्व गिअरांवर सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स, सुधारित ब्रेक, बरी आसने आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आले.

माझ्या मते ई-टाइपच्या साऱ्या प्रवासातील सर्वांत समतोल गाडी हीच, १९६४ ते १९६७ मधील ४.२. इंग्लंडमधील करसूत्राने घडविलेला लांब स्ट्रोक अमेरिकेतील ग्राहकाला नेमका मानवला होता. बहुसंख्य ई-टाइप विकल्या गेल्या त्या अमेरिकेत, आणि तिथल्या माणसाला गिअरशी झटापट करण्यापेक्षा पाय दाबताच गाडी पुढे जाणे अधिक प्रिय होते.

पण त्याच अमेरिकेने पुढे या इंजिनाचा गळा आवळला. १९६८ पासून तेथे धुराविषयीचे संघराज्य नियम लागू झाले. अमेरिकेसाठीच्या गाड्यांतून तीन एसयू कार्बोरेटर गेले आणि दोन स्ट्रॉमबर्ग आले. ब्रिटनमधील गाड्यांना तीन एसयू तसेच राहिले. म्हणजे ‘४.२’ हे एकच नाव धारण करणारी दोन इंजिने समुद्राच्या दोन बाजूंना धावू लागली, आणि अमेरिकेतले चांगलेच मंदावले होते. ई-टाइपच्या इंजिनांची तुलना करताना गाडी कोणत्या देशासाठी बनली हे न विचारणारे लेख मी तरी बाजूला ठेवतो.

१०६ मिलिमीटरचा स्ट्रोक आता वाढविण्यात अर्थ नव्हता आणि बोअर वाढवायला जागा नव्हती. एक्सके इंजिनाची ई-टाइपमधील वाट इथे संपली.

तिसरे इंजिन वेगळ्या घराण्यातले. जग्वारने साठच्या दशकात ल मॉनसाठी एक्सजे १३ ही शर्यतीची गाडी बांधली होती. तिच्यात पाच लिटरचे, चार कॅमशाफ्टांचे व्ही-१२ इंजिन होते. ती शर्यतीत कधीच उतरली नाही. जानेवारी १९७१ मध्ये नव्या इंजिनाच्या जाहिरातपटासाठी तिला बाहेर काढले असता चाक निकामी होऊन ती उलटली. चालक पुन्हा ड्यूइसच होते आणि सुदैवाने सुखरूप बाहेर आले. बाजारासाठी हॅसन आणि हॅरी मंडी यांनी हे इंजिन साधे केले. दर रांगेला एकच कॅमशाफ्ट, हेडचा तळ सपाट, ज्वलनकक्ष पिस्टनच्या माथ्यात कोरलेला. ठोकळाही ॲल्युमिनियमचा, त्यामुळे सिलिंडर दुप्पट होऊनही वजन त्या मानाने फारसे वाढले नाही.

बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ७०. प्रथमच ई-टाइपच्या इंजिनात नळकांडे खोलीपेक्षा रुंद झाले. हिशेब करून पाहा : ३.८ चे इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेताना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे १९.४ मीटर होते. व्ही-१२ मध्ये ६००० फेऱ्यांनाही ती १४ मीटरच राहते. इंजिन इतके मऊ का वाटते, याचे अर्धे उत्तर इथे आहे. आणि जुने करसूत्र लावले तर? पहिले ३.४ लिटरचे एक्सके २५.६ करपात्र अश्वशक्तीचे ठरते, ४.२ सुमारे ३१.५ चे, आणि व्ही-१२ तब्बल ६० चे. तीस सालचा कोणताही ब्रिटिश कारखानदार असा आराखडा पाहून हिशेबनिसाला बोलावण्याआधी डॉक्टरला बोलावता.

आता त्या सात अश्वशक्तींचा उलगडा. २६५ हा आकडा ‘ढोबळ’ मोजमापाचा होता. इंजिन बाकावर ठेवून, पंखा, पूर्ण सायलेन्सर वगैरे ओझी दूर ठेवून घेतलेला. २७२ हा जर्मन ‘डिन’ पद्धतीचा, गाडीत बसते त्या सर्व जोडण्यांसह मोजलेला. दोन वेगळ्या तागड्यांतली वजने शेजारी मांडल्यावर सातचा फरक दिसतो. खरा फरक त्याहून कितीतरी मोठा होता. टॉर्कही ३०४ फूट-पौंडांवर गेला, तोही ३६०० फेऱ्यांवरच.

तरीही व्ही-१२ ला ई-टाइपच्या भक्तांनी मनापासून आपले मानले नाही. सर्व गाड्यांना लांब सांगाडा मिळाला, पॉवर स्टिअरिंग आले, तोंडावर जाळी आली. टीकाकार म्हणाले, खेळगाडी राहिली नाही, प्रवासगाडी झाली. निरीक्षण खरे आहे, पण दोष इंजिनाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. लांब सांगाडा चार आसनी ई-टाइपसाठी १९६६ मध्येच तयार झाला होता. व्ही-१२ चे दुर्दैव मुहूर्ताचे होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले, तेल महागले आणि बारा सिलिंडरांची तहान लोकांना परवडेनाशी झाली. १९७४ मध्ये ई-टाइपचे उत्पादन थांबले. शेवटच्या ५० गाड्यांपैकी ४९ काळ्या रंगाच्या होत्या आणि एक हिरवी.

जग्वार कंपनी पुढे ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडली, फोर्डकडे गेली आणि २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली. व्ही-१२ इंजिन मोठ्या जग्वार मोटारींतून १९९७ पर्यंत बनत राहिले. आगपहाऱ्याच्या रात्री जन्मलेले एक्सके इंजिन १९९२ पर्यंत टिकले. शेवटी ते डेमलर डीएस ४२० या लांबलचक, संथ मोटारीत असे. राजघराण्यातील मंडळी, नगराध्यक्ष, नवरा-नवरी आणि क्वचित शवपेट्याही तिच्यातून जात. इंजिन ४.२ लिटरचे होते आणि स्ट्रोक तोच, १०६.