एकटा रेणू, त्याची चाल

1952 साली एर्विन श्रोडिंगर यांनी लिहिलं होतं की, एकाच अणूवर किंवा एकाच लहान रेणूवर आपण कधी प्रयोग करतच नाही. त्या काळी ते खरंच होतं. परीक्षानळीत अब्जावधी रेणू असायचे आणि हाती लागायची ती त्यांची सरासरी. सरासरीचं हे दुखणं आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. वर्गाची सरासरी साठ टक्के आली, तरी मागच्या बाकावरची मुलगी नेमकी कुठे अडली ते त्यातून कळत नाही.

डीएनएवर चालणारी प्रथिनंही अशीच अडतात. आरएनए पॉलिमरेज डीएनएचा मजकूर आरएनएत उतरवत पुढे सरकतं, हेलिकेज त्याचे दोन धागे सोडवतं. रासायनिक इंधन खर्चून ती हालचाल करतात, म्हणून त्यांना मोटर प्रथिनं म्हणायचं.

त्यांना एकेकटं गाठायला आर्थर अश्किन यांचा प्रकाशाचा चिमटा कामी आला. 1986 मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी व सहकाऱ्यांनी एकाच लेसर किरणात सूक्ष्म कण पकडून दाखवला. (नोबेल मिळालं 2018 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी. सब्र म्हणतात तो हाच!)

युक्ती साधी आहे. डीएनएच्या टोकाला प्लास्टिकचा बारीक मणी जोडायचा, मणी चिमट्यात धरायचा आणि प्रथिन किती जोर लावतं ते मोजायचं. 1995 मध्ये स्टीव्हन ब्लॉक, जेफ गेलेस आणि रॉबर्ट लँडिक यांच्या गटांनी पॉलिमरेजचा जोर मोजला, तो सुमारे 14 पिकोन्यूटन भरला. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग. आकडा किरकोळ वाटेल, पण स्नायूंतल्या मायोसिनपेक्षा हा जोर कितीतरी जास्त होता.

मला खरी गंमत वाटते ती रेकबीसीडीची. जिवाणूतलं हे प्रथिन डीएनए उलगडत सुसाट धावतं. 2003 मध्ये कोवाल्चिकोव्स्की यांच्या गटाने त्याचे एकेक रेणू पाहिले. ‘काय’ नावाच्या आठ अक्षरी खुणेपाशी ते काही सेकंद थांबतं आणि पुढे साधारण निम्म्या वेगाने जातं! प्रत्येक रेणू त्या खुणेपाशी वेगळ्या क्षणी पोचतो, त्यामुळे घोळक्याच्या सरासरीत तो थांबा पुसूनच जातो.

पॉलिमरेजचं एकेक पाऊल दिसायला मात्र 2005 उजाडलं. लांबी फक्त 0.34 नॅनोमीटर, म्हणजे डीएनएचं एक अक्षर. हवेच्या हेलकाव्यांनीही लेसर थरथरत होता, म्हणून ब्लॉक यांच्या गटाने किरणाच्या वाटेत हवेऐवजी हेलियम भरला.