लाईट बिलाची बखर

आमच्या मंद्रूपात विजेचं बिल कुणालाच येत नाही. येतं ते लाईट बिल. घरात पंखा फिरतो, फ्रीज घुरघुरतो, मिक्सरमध्ये शेंगाचटणी होते. बिल मात्र लाईटचं. शहरातले शहाणे याला हसतात. त्यांनी हसू नये. विलायतेत १८८२ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला, त्याचं नावच मुळी 'इलेक्ट्रिक लायटिंग ॲक्ट'. दिवे लावण्यापलीकडे विजेला तेव्हा फारसा उद्योगच नव्हता.

हे १८८२ साल मोठं गमतीचं. त्याच वर्षी एडिसनने न्यूयॉर्कात पर्ल स्ट्रीटवर वीज विकायचं दुकान थाटलं आणि त्याच वर्षी विल्यम सीमेन्सने 'वॅट' या मापाचं बारसं केलं. माल तयार, गिऱ्हाईक तयार. पण मापायचं कशाने? एडिसनने गिऱ्हाइकाच्या घरी एक बरणी बसवली. तिच्यात जस्ताचं द्रावण आणि दोन जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त निघून दुसरीवर जाऊन बसे. महिन्याकाठी माणूस येई, पट्ट्या घेऊन जाई आणि तराजूत तोलून बिल करी. गिऱ्हाइकाला यातलं काय कळत असेल? बिल आपल्याला न कळण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

पुढे १८८९ साली हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीने आपलं मीटर मांडलं. आपल्या ओसरीवरच्या काळ्या पेटीत संथपणे फिरणारी ती चकती त्याच घराण्यातली. चकती स्वभावाने उदार. बारीकसारीक खर्चाकडे काणाडोळा करायची. त्या उदारपणातूनच 'झिरोचा बल्ब' जन्माला आला. हा बल्ब साधारण पंधरा वॅट खातो. पण एकटा जळत असला तर चकती हलायचंही नाव घेत नसे. म्हणून तो झिरोचा! नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आले. ते सावकाराच्या मुनिमासारखे, दिडकीसुद्धा सोडत नाहीत. बल्बचं नाव मात्र झिरोच राहिलं.

आमच्या गल्लीतल्या आक्कांच्या देवघरात असा झिरो अखंड जळतो. आक्का एकट्या, मुलगा पुण्याला. एप्रिलचं बिल आलं १०४ युनिटांचं, आणि मे महिन्यात आक्का भर दुपारी पंखा बंद करून पदराने वारा घेत बसू लागल्या. सोलापूरकडचा मे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. मी गेलो तेव्हा त्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

"मास्तर, शंभरी ओलांडली की सगळं बिल डबल होतंय म्हणं."

निम्मं गाव याच समजुतीवर चालतं. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वॅट गुणिले तास, भागिले हजार, झाले युनिट. पंच्याहत्तर वॅटचा पंखा दिवसाला सोळा तास, महिन्याला ३६. फ्रीज रोजचा एक धरून ३०. दोन ट्यूब, प्रत्येकी चाळीस वॅट, सहा तास : १४.४. साठ वॅटचा टीव्ही सहा तास : १०.८. आणि देवघरातला झिरो, चोवीस तास : १०.८. बेरीज १०२. वरचे दोन मिक्सरने खाल्ले असतील.

"झिरोला दहा?" आक्का देवाकडे बघत म्हणाल्या. टीव्हीइतकंच!

मग शंभरीचं सांगितलं. पहिल्या शंभर युनिटांना पहिलाच दर. चढा दर लागतो तो वरच्या चारांना. तो दर दुप्पट का असेना, चारांनाच. दुपारचे तीन तास पंखा बंद ठेवून वाचतात महिन्याला पावणेसात युनिट. त्यापायी जीव भाजून घ्यायचा?

"मग हा स्थिर आकार कशाचा? मी लाईट लावली नाही तरी लागतोय."

हे खूळ इंग्लंडच्या जॉन हॉपकिन्सनचं, साल १८९२. तुम्ही दिवा तासभरच लावा, पण तुमच्यासाठी यंत्र सदा सज्ज ठेवावं लागतं, त्याचे वेगळे पैसे द्या, असं त्याचं म्हणणं. आक्कांना मी बैलजोडीचा दाखला दिला. पेरणी नसली म्हणून बैल कडबा खायचे थांबतात का? हे त्यांना एका झटक्यात पटलं. हॉपकिन्सनला मंद्रूपात जन्म मिळायला हवा होता.

'वहन आकार' मात्र पटेना. आमच्याच तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र, धुराडं दाखवून आक्का म्हणाल्या, "हितं दारात तयार होती, तर गाडीभाडं कसलं?" मी सांगितलं, तिथली वीज आधी देशाच्या जाळ्यात जाते, कोयनेच्या विजेत मिसळते, आणि तुमच्या घरात आलेली नेमकी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. भाडं आहे ते गावातल्या तारांचं, खांबांचं, डीपीचं.

"त्या डीपीचं?" आक्का म्हणाल्या. "जी वारं सुटलं की जाती ती?"

यावर हॉपकिन्सनपाशीही उत्तर नसावं. वीज मंडळ १९६० साली झालं, २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. आमच्याकडे वारं सुटल्यावर शिव्या खातं ते अजून 'बोर्ड'च.

आक्कांनी हिशेबाचा कागद घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवला, झिरोचा बल्ब काढला आणि निरांजन लावलं. मग पंखा पाचावर केला. पहिल्याच वाऱ्याने निरांजन विझलं.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या, "त्यालाबी उकडतच असंल."