रथ, पद्मिनी आणि पुढची स्प्रिंग
मंडळी, नवी पेठेत बसलोय तर सुरुवात सोलापूरकरापासून करू. वालचंद हिराचंद इथेच १८८२ साली जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ मध्ये पद्मिनी झाली. मागे पाटे, पुढे मात्र दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग.

आता जुनी पद्मिनी जपणारा पुढचं सस्पेंशन नवं बसवतो. मग गाडी तीच राहते का? नागसेनाने मिलिंद राजाला दाखवलं, की चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे; सगळ्यांच्या जोडणीला आपण रथ म्हणतो. म्हणून आम्ही म्हणतो, माणसाच्या जिवासाठी बदल जरूर करा. पण काढलेले भाग भंगारात घालू नका, नोंद ठेवा. नोंद बुडाली, की इतिहास बुडाला.