पत्र्यातले बिऱ्हाड

नाशिकची द्राक्षे वाहून निवृत्त झालेला रीफर कंटेनर भाच्याने मुळशीला आणून त्याचे घर केले. वीस फूट बाय आठ; भिंतीत फोम. आम्ही बँकवाले, आधी गुणाकार, मग कौतुक. भरले १६० चौरस फूट!

आई नुसती हसली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठचा वाडा गेला आणि तिचे माहेर पूरग्रस्तांच्या निसेन हटमध्ये आले. १९१६ साली मेजर निसेनने सैनिकांसाठी काढलेली ही अर्धगोल पत्र्याची बराक. भिंतच वाकलेली, कपाट टेकणार कुठे? दुपारी आत पापड भाजावेत!

"आजी, किती दिवस काढलेत?"

"तात्पुरतंच म्हणाले होते रे. तुझ्या आजोबांचं स्थळ तिथेच सांगून आलं."