दुभाष्या यंत्राची गोष्ट

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना दुभाष्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. महसुलाचे आणि कोर्टाचे दप्तर उर्दूत, त्याच्याही आधीचे फारसीत, गावपातळीवरच्या कितीतरी नोंदी मोडीत. आमच्या सिरसाळ्यात आजही शेताचा जुना वाद निघाला की उर्दू वाचणारा माणूस शोधतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारी कचेऱ्यांनाही मोडी आणि उर्दूचे जाणकार गाठावे लागले. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते; वाचणारा नसला की सगळे मुके.

श्रोतेहो, असाच एक दुभाष्या आता लॅपटॉपच्या पोटात येऊन बसला आहे. कवितेच्या माणसाने यंत्रावर का बोलावे, असे कोणी विचारील. माझ्या तीन संग्रहांचा मजकूर या दुभाष्याच्या तावडीत सापडला आहे, म्हणून बोलतो.

संगणकाच्या प्रोसेसरला स्वतःची एक बोली असते. इंटेल कंपनीने १९७८ मध्ये ८०८६ ही चिप काढली आणि १९८१ मध्ये आयबीएमने त्याच घराण्यातली चिप आपल्या पीसीत बसवली. तेव्हापासून टेबलावरच्या संगणकांची बोली ठरून गेली. हिशेबाचे, छपाईचे, टायपिंगचे बहुतेक सगळे प्रोग्राम तिच्यातच तयार झाले.

दुसरी बोली इंग्लंडातल्या केंब्रिजची. तिथल्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो नावाचे संगणक १९८४ नंतर 'क्लास' या सरकारी योजनेतून आपल्या देशातल्या काही शाळांतही आले होते. या कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक साधी, काटकसरी चिप आखली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती पहिल्यांदा चालली. ती किती वीज खाते हे पाहायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. नंतर उलगडले की बोर्डवरची वीजजोडणीच झालेली नव्हती. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप खुशाल काम करत होती! हीच ती एआरएम. एवढी अल्पाहारी चिप पुढे मोबाईलमध्ये गेली नसती तरच नवल. आज आपल्या खिशातल्या बहुतेक प्रत्येक फोनमध्ये तिचेच वंशज आहेत.

मग ही फोनची चिप लॅपटॉपमध्ये का नको? मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज आरटी आणून तसा प्रयत्न केला, पण दुभाष्या दिलाच नाही. विकत घेतलेले जुने प्रोग्राम त्यावर चालेनात. गिऱ्हाईक फिरकले नाही आणि पुढच्याच वर्षी कंपनीला नव्वद कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा सुरुवात झाली, ती थेट फोनातल्या स्नॅपड्रॅगन ८३५ चिपवर आणि या वेळी दुभाष्यासकट. मात्र तो फक्त जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रामांचे भाषांतर करी. ६४ बिटचे भाषांतर २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर आले. दरम्यान २०२० मध्ये ॲपलने आपले मॅक याच बोलीच्या एम१ चिपवर नेले, तेही भाषांतराची सोय ठेवून. २०२४ च्या जूनमध्ये स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले, तेव्हा दुभाष्या चांगलाच तयार झाला होता.

त्याची कामाची रीत आपल्या मुन्शीजींसारखीच. कागद पहिल्यांदा वाचताना वेळ लागतो. मग भाषांतर लिहून बस्त्यात ठेवायचे, पुढच्या वेळी तेच काढायचे. म्हणून जुना प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना रेंगाळतो, नंतर बरा चालतो. ब्राउझर, वर्ड, एक्सेल यांच्या आवृत्त्या तर नव्या बोलीतच निघाल्या आहेत. तिथे दुभाष्याची गरजच नाही. माझ्या भाच्याने पुण्याहून असा लॅपटॉप आणला. सकाळी चार्ज केलेला त्याला संध्याकाळपर्यंत पुरतो. परळीचे वीज केंद्र हाकेच्या अंतरावर असून ज्यांनी भारनियमनात वर्षानुवर्षे कंदील पुसले, त्यांना हा गुण वेगापेक्षा मोठा वाटणारच.

अडचण मराठीची आहे. इंग्रजी अक्षरे संगणकात पहिल्यापासून घरच्यासारखी होती. मराठी आली ती लोखंडाला बांधलेली. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र आधी कार्डाच्या रूपात मिळे. ते संगणकाच्या आत खोचावे लागे. नंतर डीटीपीची मराठी पॅकेजेस आली. कित्येकांबरोबर एक लॉक मिळायचा, प्रिंटरच्या तारेच्या तोंडाशी लावायचा. लॉक नाही तर मराठी नाही. लग्नपत्रिका, स्मरणिका, तालुक्याची साप्ताहिके, आम्हा कवींचे संग्रह, सगळे या कुलपाआडून छापले गेले.

हा लॉक ओळखण्यासाठी ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसतो. आणि दुभाष्याला नेमकी गाभ्यातच जायला मनाई आहे. तो वरच्या प्रोग्रामांचे भाषांतर करतो, ड्रायव्हरचे नाही. तो नव्या बोलीतच नव्याने लिहावा लागतो, आणि जुन्या पॅकेजासाठी एवढी तसदी कोण घेणार? भाच्याच्या लॅपटॉपवर पानजुळणीचा जुना प्रोग्राम उघडला, फॉन्टही दिसले. मराठी टायपिंगचे पॅकेज मात्र सुरू होईना. भाचा म्हणाला, "मामू, ये लॉक कू ये पैचानताच नहीं." दुकानात काही जुने प्रिंटरही असेच अनोळखी ठरले.

यंत्राच्या वेगाचे आकडे वाचून लॅपटॉप घेणाऱ्यांनी म्हणून एक चौकशी आधी करावी: आपल्या कामाला कुठला लॉक, कुठली डिजिटल सहीची चावी, कुठला प्रिंटर लागतो? बाकी रोजच्या लिहिण्या-वाचण्याला हे लॅपटॉप उत्तम आहेत. युनिकोडमधली मराठी तर त्यांवर विनासायास चालते, कारण इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच आहे.

आमच्या गावच्या डीटीपीवाल्याने केवळ त्या लॉकसाठी एक जुना संगणक जपून ठेवला आहे. त्याचा पंखा घरघरतो. तो बंद पडायच्या आत मी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतो आहे. परिवर्तक प्रोग्राम बरेचसे काम करतो, पण रफार भलत्या अक्षरावर टाकतो आणि 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांचा पार चुथडा करतो. पहिल्या संग्रहाची बासष्ट पाने तपासून झाली. दुसऱ्यात डोंगर फार आहेत, म्हणजे दऱ्याही आल्या.