शेपटीचा पंखा

परवा नातवाने खेळण्यातले हेलिकॉप्टर पुढे धरून विचारले, "आजोबा, शेपटीला हा छोटा पंखा कशाला?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण याचे उत्तर मला येत होते. का, ते सांगतो.

वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. शेपटीचा पंखा त्याला आवरून धरतो. इगोर सिकोर्स्कींचे व्हीएस-३०० अमेरिकेत १४ सप्टेंबर १९३९ रोजी प्रथम जमीन सोडून वर उचलले, दोरांनी बांधून का होईना, तेव्हाही तो होताच. एप्रिल १९४४ मध्ये त्यांच्याच आर-४ हेलिकॉप्टरने ब्रह्मदेशाच्या जंगलातून जखमी सैनिक बाहेर काढले. त्याच्या मोठ्या पंख्याच्या पात्यांवर कापड ताणलेले असे. पुढे धातूची, पत्रे चिकटवून केलेली पाती आली आणि त्यांच्याबरोबर गंजाची काळजीही.

हे दुखणे तसे जुने. १७६१ मध्ये इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे कुरतडलेले! पत्र्यांभोवतीचा तपकिरी कागद जिथे मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत. दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि खारे पाणी मिळाले, की एक धातू झिजतो. हेलिकॉप्टरमध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियम शेजारीशेजारी असतात. अॅल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीसारखा. तो रंगाखाली लपला तर वरून नुसता फुगवटा दिसतो.

आता आमच्या घरची गोष्ट. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले, ते बॉम्बे हाय. आमचा थोरला तिथे फलाटावर नोकरीला होता. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जाणे-येणे जुहूहून हेलिकॉप्टरने. २००४ साली तो गणपतीला यायचा होता. फोन आला, "बाबा, आज हेलिकॉप्टर येत नाही. शेपटीचे पाते बदलताहेत." आमचा गणपती दीड दिवसाचा. मुलगा पोचला तेव्हा विसर्जन होऊन पाट रिकामा झाला होता. मी चरफडलो, "एका पात्यासाठी एवढे?"

तेव्हा त्याने समजावले. सकाळच्या तपासणीत तंत्रज्ञाला पात्याच्या कडेला रंग फुगलेला दिसला. त्याने नाण्याने टिचक्या मारल्या. सगळीकडे खणखणीत, तिथे मात्र बद्द आवाज. म्हणजे आतला चिकटवलेला जोड सुटलेला. पाते उतरवले. नवे बसवल्यावर पंख्याचा तोल पुन्हा जुळवावा लागतो, कंपने मोजावी लागतात. दिवस त्यातच गेला.

बाजारात आपण माठ घेतो तो टिचकी मारूनच ना? मग इथे तर माझा मुलगा बसणार होता!

त्या तंत्रज्ञाचे नाव आम्हाला कधीच कळले नाही. किती जणांनी त्या दिवशी माझ्यासारखीच त्याच्या नावाने बोटे मोडली असतील. पाते तसेच राहिले असते तर काय झाले असते, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आभारही कुणी मानले नसणार. निदान मी तरी मानले नाहीत. आज इथे मानतो.

असो. नातवाला हे सगळे सांगत होतो, पण ब्रह्मदेशापर्यंत पोचलो तोवर तो खेळायला पळाला होता.